दिव्याखालचा अंधार : बेसबॉलच्या आयुक्तांना खुले पत्र

डेस मोइन्स, आयोवा
डिसेंबर २०२५

प्रति,
माननीय आयुक्त, मेजर लीग बेसबॉल, न्यूयॉर्क
आणि तीसही संघांचे मालक

विषय : एमएलबी टीव्हीची वर्गणी भरावी की न भरावी

महोदय,

स.न.वि.वि.

दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी एक प्रश्न स्वयंपाकघरातल्या टेबलावर येतो आणि वसंतातल्या सरावाच्या सामन्यांपर्यंत तिथेच पडून राहतो. एमएलबी टीव्हीची, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचे सामने इंटरनेटवरून दाखवणाऱ्या आपल्या सेवेची, वर्गणी पुढच्या हंगामासाठी भरावी की नाही, हा तो प्रश्न. २०२५च्या हंगामात ही वर्गणी पूर्ण वर्षासाठी १४९.९९ डॉलर आणि महिन्याच्या हिशेबाने २९.९९ डॉलर होती. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या माणसाला परवडू नये अशी ही रक्कम नाही, हे मी आधीच मान्य करतो. मात्र परवडणे वेगळे आणि रास्त वाटणे वेगळे, आणि ज्या घरात विजेचे बिलसुद्धा मागच्या महिन्याच्या बिलाशी ताडून पाहिले जाते त्या घरात रास्तपणाला अधिक वजन असते. यंदा हा निर्णय अंदाजाने घ्यायचा नाही असे मी ठरवले होते. म्हणून २७ मार्चपासून २८ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे साखळी सामन्यांच्या अखेरच्या दिवसापर्यंत, जो जो सामना उघडला त्याची तारीख, संघ आणि किती इनिंग पाहिल्या याची नोंद एका दोनशेपानी वहीत ठेवली. ती वही आता माझ्या हाताशी आहे आणि हे पत्र तिच्याच आधाराने लिहीत आहे.

पत्र मराठीत आहे याचे आपल्याला नवल वाटेल. इंग्रजीतून या विषयावर आपल्याकडे इतकी पत्रे आली असतील की त्यांत आणखी एकाची भर घालून काही हाती लागेल असे मला वाटत नाही. शिवाय २०२४चा हंगाम आपण सोलमध्ये सुरू केला आणि २०२५चा टोकियोमध्ये. खेळ नव्या भाषांमध्ये जावा ही आपलीच इच्छा आहे, आणि तो गेला की गाऱ्हाणीही त्या भाषांतून येणारच. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या ज्या मराठी घरांत मुलांमुळे हा खेळ शिरला आहे, त्यांनीही आपल्याबरोबर हे वाचावे अशी इच्छा आहे.

'वर्गणी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरे दारात येतात, पावती फाडतात, आणि त्या क्षणापासून तो मंडप तुमचाही होतो. आरास आवडो न आवडो, आरतीला उभे राहण्याचा हक्क कोणी नाकारत नाही. आता अशा मंडळाची कल्पना करा, की जे पावती देते आणि वर सांगते, 'साहेब, शहरातले सगळे गणपती तुम्हाला घरबसल्या दाखवू, फक्त तुमच्या गल्लीतला तेवढा दिसणार नाही.' आपली वर्गणी नेमकी अशी आहे. ग्राहकाच्या भागातल्या संघाचे सामने थेट न दाखवण्याच्या या व्यवस्थेला आपल्याकडे ब्लॅकआउट म्हणतात; आमच्याकडे त्यासाठी 'दिव्याखाली अंधार' अशी जुनी म्हण आहे, पण तो अंधार ठरवून केलेला नसतो.

ही गोष्ट अमेरिकेतल्या प्रत्येक ग्राहकाला थोडीफार लागू असली तरी आयोवात ती टोकाला गेली आहे. या राज्याचा स्वतःचा एकही मेजर लीग संघ नाही. तरीही शिकागो कब्स, शिकागो व्हाइट सॉक्स, सेंट लुईस कार्डिनल्स, कॅन्सस सिटी रॉयल्स, मिनेसोटा ट्विन्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स असे सहा संघ या राज्यावर प्रक्षेपणाचा 'घरचा' हक्क सांगतात. नेवाडातल्या लास वेगासची अवस्था अशीच आहे. साखळीत एकूण २,४३० सामने होतात. प्रत्येक संघाचे १६२ धरले तर या सहा संघांचे ९७२ भरतात. त्यांतले आपापसातले सामने दोनदा मोजले गेले ते वजा केले तर सुमारे साडेआठशे उरतात. म्हणजे 'सगळे सामने' या नावाने जी वस्तू विकली जाते तिच्यातला पस्तीस टक्क्यांच्या आसपासचा भाग आयोवातल्या ग्राहकाच्या पिशवीत पडतच नाही, आणि किंमत मात्र तो अलास्कातल्या ग्राहकाइतकीच मोजतो. भाजीवाल्याने किलोचे पैसे घेऊन साडेसहाशे ग्रॅम तोलले तर मंडईत काय होईल ते मी आपल्याला सांगायला नको.

'घरचा' या शब्दाचे मापही पाहावे. डेस मोइन्सहून कॅन्सस सिटी मोटारीने तीन तास, मिनिआपोलिस साडेतीन तास, शिकागो पाच तास, आणि सेंट लुईस व मिलवॉकी त्याहूनही दूर. शिकागोचे अंतर किलोमीटरमध्ये सव्वापाचशेच्या पुढे जाते. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी सांगायचे तर मुंबईहून जवळपास अकोल्याला जाण्याइतके. वानखेडेवरचा सामना अकोलेकराला दाखवायचा नाही, कारण तो मनात आणील तर उठून मैदानावर जाऊ शकतो, असे कोणी म्हणाले तर अकोलेकर हसेल की चिडेल हे सांगता येत नाही. मैदानावरची गर्दी कमी होऊ नये हे कारण कधीकाळी खरे असेल. मंगळवारी रात्री दहा वाजता सामना संपवून पाच तास गाडी हाकत परत येणारा आणि सकाळी आठला कचेरीत बसणारा प्रेक्षक मात्र माझ्या पाहण्यात नाही.

माझा भाचा साताऱ्यात असतो. माझ्यामुळेच त्याला कब्सचे वेड लागले. शिकागोतल्या रिगली फील्डवर, म्हणजे कब्सच्या मैदानावर, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होणारा सामना त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे पाच पस्तीसला सुरू होतो. तो उठतो, चहा टाकतो, आणि आपल्याच वर्गणीवर तो सामना अखंड पाहतो, कारण भारतात हा ब्लॅकआउट लागू नाही. त्या वेळी मी इकडे स्वयंपाकघरात पोळ्या लाटत रेडिओचे वर्णन ऐकत असतो. 'मामा, गेला चेंडू!' असा त्याचा निरोप फोनवर येतो आणि माझ्या कानापर्यंत तोच होम रन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, पोहोचायला अजून काही सेकंद असतात. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलाने मला शिकागोतली बातमी आधी द्यावी यात गंमत आहे, नाही असे नाही. पण वर्गणी भरावी की नाही याचा विचार करताना त्या गंमतीचा हिशेबही करावा लागतो.

हे असे का झाले ते मला ठाऊक आहे, आणि आपल्या बाजूचे कारण मी हसण्यावारी नेत नाही. स्थानिक क्रीडावाहिनी केबलच्या गठ्ठ्यात असे. बेसबॉल कधीही न पाहणाऱ्या आजीबाईंच्या बिलातूनही तिचे चार पैसे दरमहा जात, आणि त्या पैशांतून वाहिनी संघाला वर्षानुवर्षांचे करार देई. वाहिनी एवढी रक्कम देत होती ती एकाधिकारासाठी. तोच सामना शेजारच्या दुकानात स्वस्त मिळाला तर केबल कोण ठेवील? त्यामुळे ब्लॅकआउट ही खोडी नसून त्या सगळ्या इमारतीचा पाया होता. लॉस एंजेलिस डॉजर्सने २०१३मध्ये केलेला पंचवीस वर्षांचा, आठ अब्ज डॉलरहून मोठा करार या पद्धतीचे शिखर म्हणता येईल. त्याच करारामुळे २०१४पासून त्या शहरातल्या असंख्य घरांत संघाची वाहिनीच दिसत नव्हती, कारण बाकीच्या केबल कंपन्यांनी तो दर मान्य केला नाही. विन स्कली यांनी त्या संघाचे समालोचन सदुसष्ट हंगाम केले आणि २०१६मध्ये ते थांबले. त्यांचे शेवटचे तीन हंगाम त्यांच्याच शहरातल्या कितीतरी लोकांना पाहता आले नाहीत. पैशाचा करार यशस्वी झाला असे आपले लेखापाल म्हणतील. मला त्या तीन हंगामांची किंमत लावता येत नाही.

लोकांनी केबल सोडायला सुरुवात केली आणि पायाच हलला. १४ मार्च २०२३ रोजी, हंगाम तोंडावर असताना, चौदा संघांचे प्रक्षेपण हाताळणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी ३१ मेपासून सॅन डिएगो पॅड्रेसचे सामने लीगने स्वतः दाखवायला घेतले आणि तिथल्या माणसाला आपल्या गावच्या संघाचे सामने केबलशिवाय थेट विकत घेता येऊ लागले. आभाळ कोसळले नाही. पुढे ॲरिझोना, कोलोरॅडो, क्लीव्हलँड आणि मिनेसोटा त्याच वाटेने गेले. २०२५मध्ये आयोवातल्या घरालाही ट्विन्सची वेगळी वर्गणी हंगामाला ९९.९९ डॉलर देऊन घेता येत होती. कब्सची स्वतःची वाहिनी महिना १९.९९ डॉलरला थेट मिळत होती, म्हणजे सहा महिन्यांचे एकशेवीस. आता बेरीज करावी. मूळ वर्गणीचे दीडशे, कब्सचे एकशेवीस आणि ट्विन्सचे शंभर मिळून तीनशे सत्तर झाले, आणि अजून सहांपैकी चार संघ बाहेरच आहेत. यात शुक्रवारच्या दोन सामन्यांसाठी लागणारा ॲपल टीव्ही धरलेला नाही, रविवार रात्रीचा राष्ट्रीय सामना धरलेला नाही, आणि ज्यासाठी माणूस सहा महिने वाट पाहतो ते ऑक्टोबरचे बाद फेरीचे सामने तर केबलचे खाते असल्याशिवाय या वर्गणीत थेट दिसतच नाहीत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार.

तांत्रिक अडचण आहे असे आपण म्हणू शकत नाही, कारण या तंत्रात आपण सगळ्यांच्या पुढे होता. २६ ऑगस्ट २००२ रोजी न्यूयॉर्क यांकीज आणि टेक्सास रेंजर्स यांचा सामना आपण इंटरनेटवरून थेट दाखवला, तेव्हा बहुतेक घरांत फोनच्या तारेवरून करकरत चालणारे इंटरनेट होते. त्यातून उभी राहिलेली यंत्रणा इतकी पक्की निघाली की डिस्नेने ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि डिस्ने प्लस तिच्यावर उभे केले. जगाला घरबसल्या चित्रपट दाखवणारे यंत्र बेसबॉलच्या पोटी जन्मले, ही गोष्ट मी कचेरीत कौतुकाने सांगत असतो.

आता माझी वही. हंगामात मी त्रेसष्ट सामने उघडले आणि त्यांतले बावीस शेवटपर्यंत पाहिले. उघडलेल्या सामन्याला दोन डॉलर अडतीस सेंट पडले. पूर्ण पाहिलेल्याला पावणेसात डॉलरच्या आसपास. पावणेसात डॉलरमध्ये अडीच तासांचा उत्तम खेळ मिळत असेल तर ते महाग नाही, आणि २०२३मध्ये चेंडूफेकीला घड्याळ लावल्यापासून सामना खरोखरच दोन तास चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर संपतो. २०२१मध्ये तो सरासरी तीन तास दहा मिनिटे चालत असे. कसोटी क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला घाई नसते, तरी दुसऱ्या दिवशी नोकरी असणाऱ्याला तो अर्धा तास फार मोठा आहे. त्या बदलाबद्दल आपले मनापासून आभार मानतो.

पण बावीस सामने कोणते होते ते पाहिले की वहीचे दुसरे पान उघडते. त्यांतले चौदा पिट्सबर्ग पायरेट्सचे होते, कारण पॉल स्कीन्स चेंडू टाकत असला की मी भांडी घासायची ठेवून बसतो. पिट्सबर्गशी माझे काही नाते नाही. तो संघ मी निवडला तो वेळापत्रक पुढे ठेवून, 'न दिसणाऱ्या सहा'च्या बाहेरचा म्हणून, आणि तरीही फसलो. पायरेट्स ज्या गटात खेळतात त्याच गटात कब्स, कार्डिनल्स आणि ब्रुअर्स आहेत. प्रत्येकाशी तेरा म्हणजे एकोणचाळीस, शिवाय दुसऱ्या लीगमधल्या उरलेल्या तिघांशी प्रत्येकी तीन म्हणजे नऊ. एकूण अठ्ठेचाळीस सामने आयोवातल्या ग्राहकासाठी बंद. दूरचा संघ निवडला तरी तो १६२पैकी ११४ सामन्यांपुरताच मिळतो. संपूर्ण सामना संपल्यावर दीडेक तासाने तो पाहायला खुला होतो, हे मला मान्य आहे. मात्र रात्री साडेअकराला निकाल ठाऊक असलेला सामना लावून बसणे म्हणजे दुपारच्या जेवणावळीला रात्री जाऊन पातेली उघडून पाहणे.

उलट, कोणासाठी ही वर्गणी शंभर टक्के वसूल आहे तेही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्या ओळखीचे एक कुटुंब बॉस्टनहून इथे आले. घरातले तिघेही रेड सॉक्सचे. त्यांच्या सामन्यांपैकी थोडेच या सहा संघांशी होतात, आणि बाकीचे सगळे त्यांना बॉस्टनच्याच समालोचकांच्या आवाजात मिळतात. त्यांना मी विचार न करता 'भरा' म्हणालो. नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाला जुन्या गावचा आवाज मिळणे ही या सेवेची खरी मिळकत आहे, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. टी-मोबाइल या फोन कंपनीचे ग्राहक असाल तर वसंतात ही वर्गणी फुकट मिळते. तिथे तर प्रश्नच उरत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून शेजारच्या न्यूयॉर्कच्या यांकीज किंवा मेट्सचेच सामने पाहायचे असतील तर मात्र या वर्गणीच्या वाटेला जाऊ नये. थोडक्यात, या वस्तूची किंमत खेळावर ठरत नाही, झिप कोडवर ठरते, आणि जो संघाच्या जितका जवळ तितका तो तोट्यात.

आयोवातली जवळीक ही काही आजची नाही. १९३०च्या दशकात याच डेस मोइन्सच्या डब्ल्यूएचओ रेडिओ केंद्रात रोनाल्ड रेगन नावाचा एक तरुण निवेदक टेलिग्राफवरून येणाऱ्या त्रोटक संदेशांवरून कब्सच्या सामन्यांचे धावते वर्णन करत असे. सामना शिकागोत, निवेदक इथे बंद खोलीत, आणि ऐकणाऱ्याला वाटावे की तो मैदानावरच बसला आहे. एकदा तार बंद पडली तेव्हा त्याने फलंदाजाला मिनिटामागून मिनिट फाउल मारत ठेवले, कारण फाउलची, म्हणजे हद्दीबाहेर गेलेल्या फटक्याची, नोंद सामन्याच्या छापील धावपत्रकात होत नाही. ही गोष्ट पुढे अध्यक्ष झाल्यावरही रेगन रंगवून सांगत. तेव्हा सामना दिसण्याची सोय नव्हती, पण तो या राज्यात पोहोचवावा अशी धडपड होती. आज चित्र आमच्या दारापर्यंत आलेले असते आणि दार बंद ठेवण्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

रेडिओच्या बाबतीत मात्र आपला हात मोकळा आहे. लीगची फक्त ध्वनीची वर्गणी २०२५मध्ये तीसेक डॉलरना मिळत होती आणि तिला स्थानिक ब्लॅकआउट नाही. सहाही संघ त्यात ऐकू येतात. १९९६पासून कब्सचे वर्णन करणारे पॅट ह्यूज फलंदाजाच्या मोज्यांचा रंगही सांगतात. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून ज्यांनी क्रिकेट 'पाहिले' त्यांना कानांनी पाहण्याची सवय आहे. माझा प्रश्न साधा आहे. कान ज्याला घरचा पाहुणा मानतात त्याला डोळ्यांनी परका का मानावे?

इथे जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या गावात दोन नद्यांच्या संगमावर प्रिन्सिपल पार्क आहे. तिथे कब्सचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा, संघ आयोवा कब्स खेळतो. ऑगस्ट २०२३मध्ये मी मुलीला घेऊन तिथे गेलो होतो. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि नुकतीच सॉफ्टबॉल खेळू लागली होती. मध्य मैदानात पीट क्रो-आर्मस्ट्राँग नावाचा पोरसवदा खेळाडू होता. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूमागे पाठ करून धावताना त्याने मान एकदाच वळवली, हात पुढे केला आणि चेंडू त्यात येऊन बसला. मुलीने हातातली मक्याच्या लाह्यांची पिशवी तशीच धरून ठेवली होती. तिने घरी येऊन गराजसमोर अंधार पडेपर्यंत तोच झेल माझ्याकडून घटवून घेतला. महिन्याभरात तो खेळाडू शिकागोला गेला. २०२५मध्ये त्याने ३१ होम रन मारले आणि ३५ बेस चोरले (म्हणजे फटका नसताना धावत पुढचा तळ गाठला), ऑल-स्टार झाला. आमच्या गावात घडलेला खेळाडू शिकागोत नावारूपाला आला, त्या दिवसापासून तो आयोवाच्या वर्गणीदाराला दिसेनासा झाला. दुय्यम लीगचे सामने याच वर्गणीत दिसतात, हे विशेष. खेळाडू जोवर कच्चा आहे तोवर पाहा, पिकला की पडदा. आणि याच राज्यात, डायर्सव्हिलच्या मक्याच्या शेतात, आपण २०२१मध्ये व्हाइट सॉक्सचा आणि २०२२मध्ये कब्सचा सामना भरवलात. आमचा मका चित्रात चालतो, आमची घरे चालत नाहीत.

कायदा आपल्या बाजूने आहे, याची मला जाणीव आहे. १९२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, बेसबॉलचे सामने भरवणे हा त्या त्या राज्यातला मामला आहे, राज्याराज्यांमधला व्यापार नाही, असे ठरवून या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले. राज्याची सीमा ओलांडत नाही म्हणून सवलत मिळवलेल्या खेळाने प्रक्षेपणाच्या सीमा मात्र चार-चार राज्ये ओलांडून आखल्या, हे मला वाचताना मोठे मौजेचे वाटते. २०१२मध्ये काही प्रेक्षकांनी याच सीमांवर खटला भरला. जानेवारी २०१६मध्ये तडजोड झाली. वर्गणी थोडी स्वस्त झाली आणि एकाच संघाची वेगळी वर्गणी ८४.९९ डॉलरला निघाली, पण ब्लॅकआउट जागच्या जागी राहिला. भारतात १९९५मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले, आणि २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र दूरदर्शनला देणे बंधनकारक झाले. इंटरनेट म्हणजे लहरी नव्हेत, आणि मी फुकट मागतही नाही. मी पैसे हातात घेऊन उभा आहे आणि आपण वस्तू मागे ओढता, एवढेच माझे म्हणणे आहे.

नोव्हेंबर २०२५मध्ये आपण २०२६ ते २०२८ साठीचे नवे करार जाहीर केलेत. एमएलबी टीव्हीची विक्री ईएसपीएनकडे जाणार, रविवारची रात्र एनबीसी वाहिनी आणि तिच्या पीकॉक या इंटरनेट सेवेकडे, हंगामाची पहिली रात्र नेटफ्लिक्सकडे. दुकाने वाढली, आमची भिंत आहे तिथेच आहे. २०२८ला राष्ट्रीय करार एकाच वेळी संपतात आणि तोवर स्थानिक करारांपैकीही बरेच आपल्या हाती आलेले असतील, म्हणून तेव्हा सगळे बदलू, असे आपण सांगत आला आहात. तीन वर्षे थांबायला माझी हरकत नाही. माझी मुलगी मात्र तोवर पंधरा वर्षांची होईल, आणि या वयात लागलेली आवड टिकते किंवा दुसरीकडे वळते हे आपल्या विपणन विभागाला माझ्यापेक्षा चांगले कळते.

तोपर्यंत करता येण्याजोगे सांगतो. कोणत्या झिप कोडला कोणते संघ बंद आहेत हे शोधण्याची सोय आपल्या संकेतस्थळावर आहे. ती किमतीच्या शेजारी आणा. ग्राहकाने कार्डाचा आकडा टाकण्याआधी त्याला दिसले पाहिजे की तुमच्या पत्त्यावर सहा संघ आणि इतके सामने थेट दिसणार नाहीत. औषधाच्या बाटलीवर मात्रा लिहितात तसे हे लिहा, तळटीपेत नको. दुसरे, जिथे पस्तीस टक्के माल जात नाही तिथे किंमतही तेवढी उतरवा. अलास्का आणि आयोवा यांना एकच दर लावण्याला कोणतेही व्यापारी कारण मला दिसत नाही. आणि ज्या संघाचे सामने एखाद्या घराला केबलने किंवा थेट, कोणत्याही स्थानिक मार्गाने, विकत मिळतच नाहीत, त्या घरापुरता त्या संघाचा ब्लॅकआउट उठवा. तिथे कोणाचाही एकाधिकार बुडत नाही, कारण विकणाराच कोणी नाही. यांतली शेवटची मागणी आपल्या वकिलांना आवडणार नाही, पण पहिलीला तर वकिलाची गरजही पडू नये.

आता माझा निर्णय. वार्षिक वर्गणीचे आपोआप होणारे नूतनीकरण मी बंद केले आहे. ध्वनीची वर्गणी घेतो आहे. महिन्याच्या दराने वर्गणी पुढच्या वर्षीही मिळत असेल तर स्कीन्ससाठी सप्टेंबरचा एक महिना घेईन, पण त्याआधी पिट्सबर्गचे सप्टेंबरचे वेळापत्रक उघडून कब्स, कार्डिनल्स आणि ब्रुअर्सच्या तारखांवर काट मारून मगच. उरलेल्या पैशांत प्रिन्सिपल पार्कच्या मध्य मैदानाजवळच्या जागा घ्याव्यात असे मुलीने सुचवले आहे आणि ते मंजूर झाले आहे. भाच्याला कळवले आहे की होम रनचा निरोप पाठवण्याआधी त्याने वीस आकडे मोजावेत. वहीची निम्मी पाने कोरी आहेत. येत्या मार्चपासूनच्या नोंदींसाठी तिच्यात 'पाहिले' या रकान्याच्या शेजारी 'ऐकले' असा नवा रकाना आखला आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
डेस मोइन्सचा एक वर्गणीदार